सातभाया

ओडिशा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर केंद्रपाडा नावाचा एक जिल्हा आहे. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी या तीन नद्या आपल्या अनेक फाट्यांनी एकमेकींत गुंतत गुंतत तेथे बंगालच्या उपसागराला मिळतात. ही वैतरणी म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातून वाहणारी वैतरणा नव्हे. ती पूर्वेची निराळी नदी. या तिघींनी हजारो वर्षे डोंगरांतून वाहून आणलेल्या गाळाची ही भूमी बनलेली आहे. नदीच्या मुखाशी गाळ साचून जो सपाट प्रदेश तयार होतो, त्याला त्रिभुज प्रदेश म्हणतात. तेथे कोकणासारखे उंच कडे नाहीत, काळे कातळ नाहीत. भाताची खाचरे, नारळीची झाडे, खाड्यांच्या काठची दाट खारफुटी आणि तिच्यापलीकडे वाळूची पट्टी. आणि त्या पट्टीला लागून समुद्र.

या किनाऱ्यावर सात गावांचा एक समूह होता. त्याचे नाव सातभाया. ओडिया भाषेत भाई म्हणजे भाऊच. तेव्हा सातभाया म्हणजे सात भाऊ. आपल्याकडे झुडपांतून कलकलाट करीत थव्याने हिंडणाऱ्या एका पक्ष्याला सातभाई म्हणतात. एकाला सोडून दुसरा म्हणून राहत नाही, अशी त्यांची ख्याती आहे. केंद्रपाड्याच्या या सात भावांची मात्र ताटातूट झाली. गोविंदपूर, मोहनपूर, चिंतामणिपूर, बडगहिरमाथा आणि खारीकुला ही पाच गावे एकामागून एक समुद्राने गिळली. उरली दोन, सातभाया आणि कान्हुपूर. आणि पुढे त्यांनाही आपली जागा सोडावी लागली.

गाव समुद्रात गेले, असे ऐकले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एखादी भयाण रात्र उभी राहते. वारा घोंघावतो आहे, डोंगराएवढी लाट येते आणि सकाळी पाहावे तो गाव नाही! सातभायाचे तसे झाले नाही. तेथे समुद्र पावलापावलाने आला. प्रथम वाळूच्या टेकड्यांचा पायथा ढासळला. मग टेकड्यांमागची नारळीची झाडे मुळांसकट आडवी झाली. त्यानंतर उधाणाचे पाणी शेतात शिरले. खारे पाणी एकदा खाचरात साचले म्हणजे पुढे कित्येक हंगाम भात नीट पिकत नाही. विहिरींचे पाणी मचूळ झाले आणि बायकांची पाण्यासाठी पायपीट वाढली. शेवटी लाटा घराच्या ओट्याला लागल्या, तेव्हा लोकांनी घर मोडले, वासे-बांबू डोक्यावर घेतले आणि थोडे मागे सरून पुन्हा घर बांधले. काही वर्षांनी तेथेही समुद्र आला. मग पुन्हा मागे. एकाच कुटुंबाने अशी तीन-तीन, चार-चार घरे बांधल्याची उदाहरणे त्या गावात होती.

सातभायाची अनेक छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांतील एक पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. त्यात घर नाही, माणूस नाही. वाळूत आणि लाटांच्या फेसात एकटाच उभा असलेला एक हापसा आहे. कधी काळी त्याच्या भोवती वस्ती होती. घागरी घेऊन बायका रांगेने उभ्या राहत असतील, मुले दांड्याला लोंबकळत असतील. वस्ती गेली, अंगण गेले, भोवतालची जमीनही गेली. नळ खोल रोवलेला, म्हणून तेवढा राहिला. गोड्या पाण्यासाठी बसविलेला हापसा खाऱ्या पाण्यात उभा!

आता समुद्राने असे का करावे? हे समजण्यासाठी किनारा म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे. नकाशात किनारा एका रेघेने दाखवितात, म्हणून तो कुंपणासारखा जागच्या जागी असतो, असा आपला समज होतो. खडकाळ किनाऱ्याच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. वाळूच्या किनाऱ्याचे मात्र तसे नाही. तो वाण्याच्या वहीसारखा आहे. त्याच्याकडे वाळूची जमा असते आणि वाळूचा खर्चही असतो. नद्या डोंगरांतून गाळ आणि वाळू आणतात, ती जमा. पावसाळ्यातील व वादळातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात, तो खर्च. शांत ऋतूत लहान लाटा त्यांतील बरीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. शिवाय लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन आपटतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने एकाच दिशेला सरकत असते. ओडिशाच्या किनाऱ्यावर ती वर्षाचा हिशेब केला तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. म्हणजे एका गावाची पुळण ही पलीकडच्या गावाकडून आलेली असते, आणि ती पुढच्या गावाकडे जायची असते. जमा आणि खर्च जुळले, तर किनारा राहतो. जमा अधिक झाली, तर जमीन समुद्रात पुढे सरकते. त्रिभुज प्रदेश असाच तर वाढला! आणि खर्च अधिक झाला, म्हणजे समुद्र आत येतो. यालाच किनाऱ्याची धूप म्हणतात.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या वहीतील खर्चाची बाजू वाढली आहे. तिचे एक मोठे कारण सातभायापासून फार दूर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वाफेवर चालणाऱ्या यंत्रांचा वापर पसरू लागला. तेव्हापासून मनुष्य प्रथम दगडी कोळसा आणि पुढे खनिज तेल व वायू वाढत्या प्रमाणात जाळू लागला. या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत मिसळतो. थंडीच्या रात्री पांघरूण अंगातील ऊब अंगाशी धरून ठेवते, तसा हा वायू पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. पांघरूण हवे, हे खरेच. ते मुळीच नसते, तर पृथ्वी गोठून गेली असती. पण ते दरवर्षी जाड होत चालले आहे. १८५० ते १९०० या काळाच्या मानाने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. एवढ्याशा वाढीने काय होणार, असे वाटेल. ज्याला एक अंश ताप चढला आहे, त्याला हे विचारावे!

या अधिक उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्राने शोषून घेतला आहे. आपल्याला हवेतील उकाडा जाणवतो; खरा ताप समुद्राच्या अंगात आहे. आणि पदार्थ तापला म्हणजे प्रसरण पावतो, हा नियम पाण्यालाही लागू आहे. ज्वरमापकातील पारा तापून नळीत वर चढतो, तसे समुद्राचे पाणी तापून वर चढते. समुद्र सरासरी साडेतीन किलोमीटरांहूनही अधिक खोल आहे. एवढ्या खोल पाण्याचा थोडा भाग जरी किंचित फुगला, तरी त्याला वर येण्यावाचून दुसरी वाट नाही, कारण खाली तळ आहे आणि बाजूंना जमीन.

दुसरे कारण बर्फाचे. येथे एक लहानसा प्रयोग घरी करून पाहण्याजोगा आहे. एका पेल्यात बर्फाचे दोन खडे टाकून पाणी काठोकाठ भरावे आणि बर्फ वितळू द्यावा. पेला सांडत नाही. कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाएवढे पाणी आधीच बाजूला सारलेले असते. आता त्याच भरलेल्या पेल्यात बाहेरून बर्फाचा आणखी एक खडा टाकावा. पाणी लगेच काठावरून ओघळते. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावर तरंगणारा बर्फ हा पेल्यातल्या खड्यासारखा आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या भूमीवर साचलेला बर्फ, तसेच हिमालय, आल्प्स यांसारख्या पर्वतांतील हिमनद्या या पेल्याबाहेरच्या. त्यांचे वितळलेले पाणी समुद्रात नव्याने पडते.

या दोन्ही कारणांनी १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातील समुद्राची पातळी सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत वर आली. आणि चढण्याचा वेगही वाढत आहे. १९०१ ते १९७१ या काळात ती वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर चढत होती. २००६ ते २०१८ या काळात सुमारे ३.७ मिलिमीटर.

वीतभर पाणी ही काही भिण्याजोगी गोष्ट नव्हे, असे मुंबईच्या पावसात गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलेला मुलगा म्हणेल. परंतु पावसाचे पाणी ओसरते. हे ओसरत नाही. शिवाय सातभायासारखा किनारा भिंतीसारखा उभा नसतो, तो ताटासारखा जवळजवळ सपाट असतो. शंभर मीटर चालावे तेव्हा जमीन एक मीटर चढावी, असा उतार धरला, तर वीतभर चढलेले पाणी वीस मीटर आत येते. हा हिशेबही नुसत्या पाणी पसरण्याचा झाला. पूर्वी ज्या लाटा पुळणीवर लोळून परत जात, त्या आता वाळूच्या टेकडीच्या पायथ्याला जाऊन भिडतात आणि तेथली वाळू काढून खोल पाण्यात टाकतात. शांत ऋतूतील लहान लाटांना ती परत आणता येत नाही. वहीत खर्च पडला, तो पडलाच.

त्यातच वादळे. बंगालचा उपसागर हे चक्रीवादळांचे जुने घर आहे. उबदार समुद्रावरून वर चढणारी वाफ हे चक्रीवादळाचे अन्न, आणि तापलेल्या समुद्रावर ते लवकर बळावते. २९ ऑक्टोबर १९९९ या दिवशी पारादीपजवळ जे महाचक्रीवादळ आदळले, त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. वाऱ्याने ढकललेले समुद्राचे पाणी काही ठिकाणी पाच-सहा मीटर उंच होऊन आत घुसले. ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर २०१३ साली फायलीन, २०१९ साली फानी, २०२१ साली यास आणि २०२४ साली दाना ही वादळे ओडिशाच्या किनाऱ्यावर आली. वेळेवर मिळणाऱ्या पूर्वसूचना आणि निवारागृहे यांमुळे मनुष्यहानी पुष्कळच कमी झाली, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. पण माणसांना उचलून निवाऱ्यात नेता येते. वाळूला नेता येत नाही. लाटा कित्येक महिन्यांत जेवढी पुळण झिजवतात, तेवढी एखादे वादळ एका रात्रीत ओढून नेऊ शकते. आणि चढलेल्या समुद्रावर आलेले वादळ जिना चढून आलेल्या माणसासारखे असते. त्याचा हात पूर्वीपेक्षा वरच्या फळीपर्यंत पोचतो.

एवढे वाचून सगळा दोष हवामानाच्या माथी मारणे सोपे आहे. ते न्यायाचे होणार नाही. वहीच्या खर्चाची बाजू पाहिली, तशी जमेची बाजूही पाहिली पाहिजे. महानदीवर संबळपूरजवळ हिराकुड येथे प्रचंड धरण बांधले गेले आणि १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे ब्राह्मणीवर रेंगाली येथेही धरण झाले. या धरणांनी पूर आवरले, शेते भिजविली, वीज दिली. त्यांची गरज होतीच. परंतु धरण पाणी अडवते, तसा गाळही अडवते. पूर्वी जो गाळ समुद्राच्या तोंडाशी येऊन पडत असे, त्यातला बराच आता जलाशयाच्या तळाशी बसतो. त्रिभुज प्रदेशाची जमीन भुसभुशीत असल्यामुळे आपल्याच भाराने हळूहळू दबत जात असते; वर्षावर्षाला नवा गाळ येऊन पडला, तरच ती भरून निघते. गाळ आटला, म्हणजे इकडे जमीन खाली जाते आणि तिकडे समुद्र वर येतो. दोन्हीकडून चिमटा!

तसेच बंदरांचे. पारादीपचे बंदर १९६६ साली सुरू झाले. जहाजांना शांत पाणी मिळावे, म्हणून बंदराच्या तोंडाशी समुद्रात दगडांचे बांध घालावे लागतात. दक्षिणेकडून कडेकडेने निघालेली वाळू त्या बांधापाशी अडते. बांधाच्या दक्षिणेला पुळण रुंदावते आणि उत्तरेच्या किनाऱ्याला वाळूची उपासमार होते. अडलेली वाळू यंत्राने उपसून पलीकडे टाकण्याची व्यवस्था अशा ठिकाणी करतात. निसर्ग जे काम फुकट करीत होता, त्यासाठी असा पैसा मोजावा लागतो.

तेव्हा सातभायाच्या धुपेतला किती वाटा चढत्या समुद्राचा, किती वादळांचा, किती अडलेल्या गाळाचा आणि किती नद्यांच्या व लाटांच्या मूळच्या चंचलपणाचा, हे तराजूत घालून वेगवेगळे सांगता येणार नाही. आजारी आणि उपाशी माणूस थंडीत कुडकुडून मेला, तर आजाराने मेला, उपासाने मेला की थंडीने, असे विचारण्यासारखे ते आहे. एवढे मात्र निश्चित, की धरणावरून वाळू सोडता येईल, बंदरावरून वाळू पलीकडे टाकता येईल. चढलेला समुद्र मात्र मनुष्याच्या दोन-चार पिढ्यांत खाली उतरणार नाही. उद्या कोळसा जाळणे थांबले, तरी समुद्रात मुरलेली उष्णता आपले काम पुढे शतकानुशतके करीत राहील. किती चढायचे आणि किती वेगाने, एवढेच मनुष्याच्या हातात उरले आहे. पण तेही थोडे नाही.

समुद्राला अडविण्याचे प्रयत्न त्या किनाऱ्यावर झाले नाहीत असे नाही. सातभायाच्याच बाजूला, त्याच जिल्ह्यात, पेंठा नावाचे गाव आहे. तेथे मातीचा जुना बांध लाटांनी फोडत आणला होता. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभियंत्यांनी आखलेला एक निराळ्या प्रकारचा बांध तेथे घालण्यात आला. चिवट कृत्रिम कापडाच्या अवाढव्य नळ्या वाळूने भरून त्या एकावर एक रचल्या आणि वरून दगडांच्या जाळ्या घातल्या. २०१६ साली पुरा झालेला हा बांध ५०५ मीटर लांब आहे, आणि त्याने पेंठ्याला आधार दिला. पण पाचशे मीटर म्हणजे किती? दहा मिनिटांच्या आत चालून संपते. ओडिशाचा किनारा शेकडो किलोमीटरांचा. शिवाय कोणत्याही भिंतीचा एक दोष असतो. लाट तिच्यावर आदळून उसळते, पायथ्याची वाळू खणून काढते, आणि भिंत जेथे संपते तेथून पुढच्या शेजाऱ्याच्या जमिनीवर दुप्पट जोराने पडते.

भिंतीपेक्षा जुना आणि बोलभांड नसलेला राखणदार म्हणजे खारफुटी. भितरकनिकाचे जंगल याच जिल्ह्यात आहे. चिखलातून वर आलेली श्वासमुळे, कमानीसारख्या आधारमुळांचे जाळे, आणि त्यांच्या आडोशाने पडून राहणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या प्रचंड मगरी, असे ते अद्भुत वन आहे. मुळांच्या जाळ्यात लाटेचा जोर मोडतो आणि वाहून जाणारा गाळ अडकून बसतो. १९९९ च्या वादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मधे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे माणसे कमी मेली, असे त्यात आढळले. तसे पाहता हे झाड दिसायला काही सुंदर नाही. त्याला घमघमणारी फुले नाहीत, त्याची फळे बाजारात येत नाहीत, आणि त्याच्या बुडाशी चिखलाचा वास येतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांतही ते पुष्कळ आहे, आणि ओसाड म्हणून त्याच्यावर भराव घालणारेही पुष्कळ आहेत.

सातभायाला बांध पुरला नाही आणि खारफुटीही उरली नाही. शेवटी ओडिशा सरकारने लोकांना तेथून हलविण्याचे ठरविले. सुमारे बारा किलोमीटर आत बागपतिया येथे नवी वसाहत वसविण्यात आली, आणि २०१८ सालापर्यंत ५७१ कुटुंबे तेथे गेली. समुद्राने घर घेतलेल्या लोकांसाठी सरकारने आखून वसविलेल्या आपल्या देशातील पहिल्या वसाहतींत तिची गणना होते.

माणसांबरोबर देवही निघाले. सातभायात पंचुबराहीचे देऊळ होते. पाच देवींच्या पाच पाषाणमूर्ती, आणि त्यांची पूजा करणाऱ्या कोळी समाजाच्या विवाहित स्त्रिया. मूर्तींना पुरुषाने हात लावावयाचा नाही, असा तेथील शतकानुशतकांचा दंडक होता. समुद्र देवळाच्या उंबऱ्याशी आला, तेव्हा मोठा पेच पडला. मूर्ती अतिशय जड. पुरुषांच्या बळावाचून त्या हलणे शक्य नव्हते. देवींना पाण्यात सोडून जावे, की दंडक मोडावा? पुजारिणींनी दंडक मोडू दिला. एप्रिल २०१८ मध्ये पुरुषांनी त्या मूर्तींना प्रथमच हात लावले, त्या उचलल्या आणि बागपतियाच्या नव्या देवळात नेल्या. तेथे त्यांचे शुद्धीकरण झाले आणि पूजा पुन्हा स्त्रियांच्या हाती गेली.

बागपतियात लोकांच्या जिवाला भय राहिले नाही. रस्ता आला, वीज आली, शाळा जवळ आली. हे सर्व चांगलेच झाले. पण प्रत्येक कुटुंबाला मिळाली ती जागा घरापुरती, सुमारे चार गुंठे. ज्यांच्याकडे सातभायात भाताची शेते होती, त्यांना शेताच्या बदली शेत मिळाले नाही. जुन्या शेतांचे कागद कित्येकांच्या पेटीत अजून असतील. कागदावर जमीन आहे, आणि जमिनीवर समुद्र आहे! जे मासे धरीत, त्यांच्यापासून समुद्र लांब राहिला. तेव्हा कर्ती मुले कामासाठी केरळसारख्या दूरच्या राज्यांत जाऊ लागली, आणि घरी म्हातारी माणसे, बायका व मुले उरली. काही कुटुंबे यादीत नसल्यामुळे जुन्या जागीच मागे राहिली होती. या लोकांनी गिरण्या चालविल्या नव्हत्या, की धूर सोडणाऱ्या मोटारी बाळगल्या नव्हत्या. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी वीजसुद्धा सातभाया सोडल्यावरच आली.

हे एकाच ठिकाणी घडते आहे असे समजू नये. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे ताडून पाहिली. देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग या काळात कमीअधिक झिजला, असे त्यांना दिसले. पश्चिम बंगालचा तर अर्ध्याहून अधिक. महाराष्ट्राचा सुमारे चौथा हिस्सा. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची भुजा पाठीशी असल्यामुळे आपला किनारा थोडा सुदैवी आहे. तरी दोन भूशिरांच्या मधली पुळण ही वाळूचीच, आणि तिचीही एक वही आहेच.

सातभायाच्या शेजारी गहिरमाथ्याची पुळण आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यासाठी जेथे लाखांच्या संख्येने एकदम येतात, अशा जगातील मोजक्या जागांपैकी ती एक. कासविणीला फार काही लागत नाही. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या, मऊ वाळूची एक पट्टी असली की पुरे. पण ही पट्टीदेखील तुटत आणि आखडत गेली. पूर्वीच्या सलग पुळणीची आता लहान बेटे झाली आहेत, आणि काही वर्षी कासवे तेथे थव्याने आलीच नाहीत. २०२१ साली गहिरमाथ्याला आलेल्या एका कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्रमांकाची धातूची खूणपट्टी अडकवून तिला सोडून दिले होते. क्रमांक होता ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या पुळणीवर, एक कासवीण रात्री पाण्यातून वर आली. पाहणाऱ्यांनी तिच्या पायावरची पट्टी वाचली, तर तीच ती. भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर तोडून ती अरबी समुद्रात आली होती. गुहागरच्या वाळूत तिने मागच्या पायांनी खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटून तो बुजविला, आणि ती पाण्यात परत गेली.